घरटी दोन हजार

दहावीला मला ब्याण्णव टक्के पडले, तिथंच सगळं बिघडलं. आमच्या वाडीत ऐंशीच्या पुढं मार्क गेले की सायन्स घ्यायचं असतं. का, ते कुणी विचारत नाही. कॉमर्स साठ-पासष्टवाल्यांचं आणि आर्ट्‌स लग्न ठरेपर्यंत एसटीनं जाऊन येणाऱ्या मुलींचं. पप्पांनी पेढे वाटले, पेठच्या फाट्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला आणि मला नारायणगावच्या क्लासला घातलं. डॉक्टर व्हायचं ठरलं होतं, ते काही झालं नाही. फार्मसीची फी परवडेना, म्हणून मंचरच्या कॉलेजात बीएस्सी, केमिस्ट्री घेऊन. तरी गावातले लोक मला 'काय डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारायचे आणि मी हसायचे. हसण्यावाचून काय करणार होते?

तिसऱ्या वर्षाला आले तेव्हा मागचे दोन विषय राहिलेले होते आणि पुढचेही जाणार हे मला दिसत होतं. अभ्यास करत नव्हते असं नाही. पुस्तक उघडून चार-चार तास बसायचे आणि पान तेच असायचं. लॅबमध्ये सगळ्यांच्या परीक्षानळीत रंग बदलायचा, माझ्या नळीत काही घडायचं नाही. सर म्हणायचे, आरती, लक्ष कुठंय? लक्ष तिथंच होतं. डोक्यात शिरत नव्हतं, एवढंच.

समृद्धी आमच्या शेजारची. भागूकाकांची मुलगी, माझ्याहून एक वर्षानं लहान, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत ती तिच्या पडवीत खतावणी मांडत बसली होती आणि मी केमिस्ट्रीपासून पळून तिच्याकडे गेले होते. मी सहज विचारलं, हे काय गं? तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आठ दिवसांत मी तिची गणितं सोडवायला लागले. ती शांतपणे बघायची आणि चुकलं की पेन्सिलीच्या टोकानं त्या ओळीवर टिचकी मारायची, बोलायची नाही. पहिल्यांदा दोन्ही बाजूंची बेरीज एक आली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. अडीच वर्षांत मला एखादी गोष्ट पहिल्यांदा कळली होती.

जानेवारीपासून मी कॉलेज सुटल्यावर मंचरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात एंट्र्या करायला जायला लागले. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल असतात. मार्चमध्ये तिथले सर म्हणाले, "जूनला एक जागा रिकामी होतेय. तुझं बीएस्सी होवो न होवो, मला फरक पडत नाही. मुक्त विद्यापीठातून बीकॉमला नाव घाल, इथं काम शिक, पुढं परीक्षा दे. पण मला पक्कं सांग."

त्या दिवशी मी घरी सगळं सांगून टाकलं. पप्पा जेवत होते. त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"म्हंजी परत पहिल्या वर्षाला?"

"हो."

"आन ही तीन वर्षं?"

मी त्यांच्या ताटात आमटी वाढली. ते म्हणाले, "न्हाई जमायचं. राह्यलेले विषय सोडव, एक साल गेलं तर जाऊ दे. पुढं एमेस्सी कर. चाकणला कंपनीत लागशील. ब्याण्णव टक्केवाली पोरगी दुसऱ्यांच्या वह्या लिहीत बसली म्हणून गाव हसंल."

आई काहीच बोलली नाही. आमच्या घरात आई काही बोलली नाही म्हणजे तिचंही तेच मत आहे, असं धरतात.

मग आण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. भिमाजी आण्णा म्हणजे आमच्या यात्रेचे खजिनदार. चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. पालखी, बैलगाडे, तमाशा, आणि त्यासाठी प्रत्येक घराकडून वर्गणी. मागच्या वर्षीसारखी यंदाही घरटी दोन हजार ठरली होती, एका उंबऱ्यामागे दोन हजार. तेवीस वर्षं आण्णा स्वतः दारोदार जाऊन वर्गणी गोळा करायचे, वही लिहायचे आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात बसून हिशोब वाचायचे. वाचन म्हणजे मोठा कार्यक्रम. एकशे बारा घरांची नावं एकेक करून. "अमुक तमुक, घरटी दोन हजार, जमा." आपलं नाव ऐकायला माणसं अर्धा अर्धा तास बसून राहतात. नाव झालं की मान डोलावतात, तंबाखू मळतात, पण उठत नाहीत.

यंदा वर्गणी पोरांनी पावतीपुस्तकं घेऊन गोळा केली, पण हिशोब लिहायला कुणी मिळेना. पप्पा कमिटीत होते. त्यांनी आधी समृद्धीला विचारलं, कारण कॉमर्स तिचं. ती म्हणाली, "नको काका, मला न्हाई जमायचं." मला तिचा राग आला. मुलीला एवढं येतं आणि चारचौघांत पुढं व्हायची हिंमत नाही. मी पप्पांना म्हणाले, मी करते. पण एका अटीवर.

पप्पा हसले. खूप दिवसांनी हसले होते. "बरं. गावानं मान डोलावली तर जूनला जा तुझ्या त्या ऑफिसात, मी आडवा येणार न्हाई. न्हाई जमलं तर गप केमिस्ट्री करायची."

माझं सगळं आयुष्य त्या एका वहीवर येऊन बसलं. हे मी वाढवून सांगत नाही, मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

आण्णांकडे जुन्या वह्या आणायला गेले. ते काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "घरटी सगळी नावं घे. एकशे बारा. काय कमी पडलं तर खर्चात किरकोळ म्हणून एक रक्कम टाक आन जुळवून घे."

"कमी का पडेल, आण्णा?"

"पडतं."

"पण जमा झालेच नसतील तर जमा कसे लिहायचे?"

"आजवर आसंच लिहिलंय," ते म्हणाले आणि तोंड फिरवून नातसुनेला चहा टाकायला सांगितला.

घरी येऊन मी वह्या उघडल्या. प्रत्येक वर्षी सगळी घरं जमा, आणि प्रत्येक वर्षी खर्चाच्या शेवटी एक ओळ: किरकोळ. कधी साडेतीन हजार, कधी सहा, एका वर्षी नऊ हजार. कशाचे ते लिहिलेलं नाही. पावती नाही. मला एकच अर्थ लागला. आण्णा तेवीस वर्षं देवाचे पैसे खात होते आणि आता मलाही तेच करायला सांगत होते. मला धक्का बसला असं मी म्हणेन, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी खरा हिशोब मांडणार होते, तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

समृद्धीला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आण्णा सांगतात तसंच कर ना."

"खोटं लिहू?"

"त्यांना जास्त कळतं, आरती."

मी म्हणाले, तू भित्री आहेस. ती पुढचं पातेलं घासायला लागली.

पावतीपुस्तकं लावली तर एकशे सात घरांची वर्गणी आलेली. पाच घरांची पावतीच फाडलेली नव्हती. त्यांत चौथं नाव भागूकाकांचं होतं. काका भाजीची पिकअप चालवायचे. दोन वर्षांपूर्वी कळंबजवळ अपघात झाला, खुबा मोडला, तेव्हापासून गाडी सुटली. समृद्धीची आई, लंकाकाकू, रोजानं कामाला जाते. हे सगळं मला माहीत होतं. त्या नावावर मी बराच वेळ थांबले. वाटलं, हे एक सोडून देऊ. मग वाटलं, एक सोडलं तर पाचही सोडावी लागतील, आणि पाच सोडली तर दहा हजार कुठंतरी लपवावे लागतील, म्हणजे मी आणि आण्णा सारखेच. ऑफिसातले सर म्हणायचे, एक नोंद दाबली की सगळा हिशोब खोटा. ते वाक्य मला फार उपयोगी पडलं. मला त्या ऑफिसात जायचं होतं. कुठल्याही वाक्यानं मला तेव्हा मदत केली असती.

देवळात मी नवीन ड्रेस घालून बसले. जमा वाचली, खर्च पावत्यांसकट वाचला, शिल्लक वाचली. लोक एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. मग मी म्हणाले, "येणे बाकी, पाच घरं," आणि नावं वाचली.

असं आमच्या देवळात कधी झालं नव्हतं. शांतता पसरली, पण ती वाईट आहे हे मला समजलं नाही. भागूकाका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी काठी उचलली, पण उठले नाहीत. उठले असते तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. बायकांच्या बाजूला समृद्धी होती, तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "राव, ह्याला म्हणत्यात हिशोब. कोण भरतंय आन कोण नुसता बुंदी खाऊन जातंय, आज कळलं." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एकानं माझ्या कागदाचा फोटो काढून यात्रेच्या ग्रुपवर टाकला. पप्पा ताठ बसले होते. आण्णा काळ्या चष्म्याआड कुठं बघत होते ते दिसलं नाही, पण टाळ्या वाजल्या तेव्हा ते काठीनं जमीन चाचपत एकटेच बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भागूकाका आमच्या दारात. घर शेजारचं, पण तेवढं अंतर चालून त्यांना धाप लागली होती. त्यांनी शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा माझ्यापुढं ठेवल्या.

"चार हजार हायेत. मोज."

"काका, दोन हजारच..."

"मागच्या सालची बी घे. तवा आण्णानं जमा लावली व्हती, मला ठावं हाये. पावती दे दोन्हीची."

पप्पा म्हणाले, "भागू, आरं बस तर. च्या घे. कुठं पळून चाललंय व्हय?"

"नगं गोरखभाऊ. रातीच त्यो फोटू बघून तीन पावण्यांचे फोन आले. पार बेल्ह्यावरून मेव्हण्याचा. म्हणतो, दाजी, सांगायचं ना, दोन हजार म्यां दिलं आसतं." काका माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "तुला हे आमच्या समीनंच शिकवलं ना? तिच्याच पुस्तकातून?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग जे शिकून मानसाला आसं देवळात उघडं करता येतं, ते आमच्या घरात नगं. तिचं कॉलेज बंद." पावती खिशात घालून ते गेले. माझी सही होती तिच्यावर.

मला वाटलं रागात बोलले. पण सोमवारी समृद्धी एसटीला आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी ती लंकाकाकूबरोबर कांदे काढायला जाताना दिसली.

मी आण्णांकडे धावले. त्यांच्याशी भांडायलाच गेले होते. म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी असं केलं असतं का?"

आण्णा म्हणाले, "काय सांगायचं? ज्याला जमत न्हाई त्याचं बी नाव घ्यायचं, यवडंच. पर आसं सांगितलं की तू इचारणार, कोण हाये ते. तेवीस वर्षांत म्यां घरात बायकूला सांगितलं न्हाई. तुला कसं सांगू?"

"मला वाटलं तुम्ही पैसे..."

"वाटू दे की. पुष्कळांना वाटतं." ते हसलेसुद्धा. "त्यानं कुणाचं काय वाईट झालं?"

घरी येऊन मी जुन्या वह्या पुन्हा काढल्या. जे आधी दिसायला हवं होतं ते आता दिसलं. ज्या वर्षी वर्गणी पाचशे, त्या वर्षी किरकोळ साडेतीन हजार: सात घरं. ज्या वर्षी हजार, त्या वर्षी सहा हजार: सहा घरं. प्रत्येक वर्षी किरकोळच्या रकमेला वर्गणीनं पूर्ण भाग जातो. कुठलाही चोर असा नेमका आकडा घेत नाही. हिशोबाची एवढी हौस असलेल्या मला हे सुचलं नव्हतं. आणि मी बारावीला होते त्या वर्षी वर्गणी दीड हजार होती, किरकोळ नऊ हजार. सहा घरं.

आई चुलीपाशी होती. मी विचारलं, "आई, माझ्या बारावीच्या वर्षी आपण यात्रेची वर्गणी भरली होती?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुझ्या क्लासचा हप्ता आला व्हता त्याच टायमाला," ती म्हणाली. "आण्णा आले व्हते दारात. पानी पिऊन गेले. कायबी न बोलता." मग जरा वेळानं, "तुझ्या पप्पांना इचारू नको."

वहीत त्या वर्षी आमचं नाव सतराव्या ओळीवर होतं. गोरख, घरटी दीड हजार, जमा. ते देवळात वाचलं गेलं असणार, पप्पांनी मान डोलावली असणार आणि मी बाहेर मैत्रिणींबरोबर बर्फाचा गोळा खात असणार. मी वही मिटली आणि गोठ्यामागं जाऊन बसले. रडूही नीट येईना. मला स्वतःची किळस आली होती.

त्यानंतर दोन आठवड्यांत मी बीएस्सीचे पेपर दिले. कोरे नव्हते, एवढंच. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी पप्पा म्हणाले, "गाव हो म्हणलंय. मी शब्द दिलाय, तू जा जूनला. आन पुढच्या सालचा हिशोब बी तुलाच द्यायचं ठरलंय. उरलेल्या चार जणांनी बी आणून दिले पैसे. एक घर बाकी न्हाई, पह्यल्यांदा." ते खूश होते. पावती न फाडलेल्या घरांत एकदा आपणही होतो, हे ते विसरले होते की विसरल्यासारखं करत होते, मला कळलं नाही.

मी म्हणू शकले असते की नको, मी केमिस्ट्रीच करते. दोन रात्री मी तेच ठरवत होते. म्हटलं, ही विद्या मी सोडून दिली तर भागूकाकांचं समाधान होईल, समृद्धीला परत पाठवतील. पण मला माहीत होतं, तसं काही होणार नव्हतं. मी नापास होणार, समृद्धी कांदे काढणार, दोघीही संपणार. आणि मला दुसरं काहीच येत नाही. मी पप्पांना म्हणाले, "जाते."

मेच्या शेवटी समृद्धी नळावर भेटली. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुझ्या त्या ऑफिसात अजून कुणी लागतं का गं?"

"म्हणजे?"

"काहीपण. झाडलोट, च्या करायचा, फायली लावायच्या. मी घरी दवाखान्यात लागले म्हणून सांगंन. हिशोबाचं आहे म्हणून सांगणार न्हाई." तिची बोटं कांद्यानं काळी पडली होती. "कॉलेज ऱ्हाऊ दे. नुसतं तिथं बसायला मिळालं तरी चाललं."

माफी मागायची होती. तोंड उघडलं तर वेगळंच आलं. "विचारते मी," मी म्हणाले. तिनं हंडा उचलला.

दोन जूनला मी ऑफिसात गेले. सरांनी खिडकीजवळचं टेबल दिलं, कॉम्प्युटरचा पासवर्ड दिला. जेवणाच्या सुट्टीत मी समृद्धीचा विषय काढायचं ठरवत होते, तेवढ्यात सरच म्हणाले, "जागा एकच आहे, पण पारखून घ्यावी म्हणतो. तुमच्या गावाकडं कॉमर्सची कुणी हुशार मुलगी आहे का? दोन महिने दोघींनाही बघतो. पगार एकीचाच निघेल, तेव्हा जी बरी असेल ती ठेवू."

मला पडवीतली ती दिवाळी दिसली, चुकल्या ओळीवर टिचकी मारणारी पेन्सिल दिसली. तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. दोन महिने कशाला, सरांना दोन दिवसांत कळलं असतं.

"नाही सर," मी म्हणाले. "आमच्या वाडीत तसं कुणी नाही."